बाईंच्या टेबलापाशी रांग

सकाळचे सव्वासात. म्हसवडच्या रस्त्यावरून आत वळलं की थोड्याच अंतरावर डांबर संपतं आणि पांढरा फुफाटा सुरू होतो. दोन्हीकडं बाभळी. कोरडा ओढा. ओढ्यापलीकडं वीस-पंचवीस घरांची वस्ती आणि वस्तीच्या कडेला प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पुढं पडवी, वर पत्रा. कंपाउंडच्या भिंतीवर बाराखडी रंगवलेली, तिच्या खालच्या ओळी पावसानं ओघळलेल्या. मार्च अर्धा सरलाय. माणदेशात या दिवसांत दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून शाळा सकाळची झालीय.

फाटक उघडं आहे. मुलं आधीच आलीत. दोघी जणी अंगण झाडतायत. एक जण तांब्यानं सडा मारतोय, अगदी हात राखून. पाणी टँकरचं आहे. शाळेची किल्ली चौथीतल्या एका मुलीच्या घरी असते. ती येते, कुलूप काढते, पडवीत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल देते. दुसऱ्या टोलाला ओढ्यातून एक मुलगा पळत वर येतो. पायजम्याला काटे, केसांत गवताची काडी. घरची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडलीत आणि हा आजीजवळ राहिलाय. मागं ठेवलेल्या चार मेंढ्या आणि त्यांची कोकरं याच्याकडं. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीला पाजायचं, कोणतं आज चरायला सोडायचं नाही, कुणाच्या खुरात काटा गेलाय, हे सगळं ठरवून, कोकरं जाळीत कोंडून तो आलाय. वय नऊ.

टोल थांबतो. ओळी लागतात. उंचीप्रमाणं, एक हात अंतर सोडून. सावधान, विश्राम. परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, मग संविधानाची प्रास्ताविका. एक मुलगी पुढं उभी राहून सांगते, बाकीचे मागून म्हणतात. न्याय येतो, विचाराचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य येतं, दर्जाची आणि संधीची समानता येते. पहिलीतली मुलं लांब शब्दांच्या मध्येच श्वास घेतात आणि शेवटच्या अक्षराला सगळ्यांना गाठतात. पंचांग, सुविचार, दिनविशेष. मौन. ऊन भिंतीवरून खाली उतरून मुलांच्या खांद्यावर आलंय.

तिसरी-चौथीची खोली बाईंची. बस्करपट्ट्या अंथरल्या जातात. हजेरी होते. बाई फळ्यावर तारीख लिहितात, वार लिहितात, खाली वजाबाक्या लिहितात. आणि खोलीत प्रश्न सुरू होतात.

"बाई, समास आखू का?"

"बाई, नव्या पानावर लिहू?"

"बाई, पेननं का पेन्सिलीनं?"

"बाई, एक ओळ सोडू का?"

"बाई, पाणी पिऊ?"

शेवटचा प्रश्न कोकरं कोंडून आलेल्या मुलाचा आहे. एक करंगळी वर होते, बाई मान हलवतात, मुलगी बाहेर पळते. दुसरी करंगळी वर होते. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत ऐकू येईल. मी अशा बऱ्याच वर्गांच्या मागच्या भिंतीला टेकून बसलोय आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळीकडं हेच प्रश्न ऐकलेत. मुलं हुशार आहेत, चुणचुणीत आहेत. समास कुठं आखायचा हे त्यांना ठाऊक आहे. ती विचारतात, कारण विचारल्याशिवाय केलं तर रागावलं जातं हे त्यांना त्याहून आधी ठाऊक झालेलं आहे. ही सवय कुणा एका बाईंनी लावलेली नाही. ती घरातून येते, अंगणवाडीतून येते, शेजारच्या दादाच्या शाळेच्या गोष्टींतून येते.

आता वजाबाकी चाललीय. पेन्सिलींचा आवाज. बोटं मोजली जातायत, काही बोटं पायाची. पहिली वही पूर्ण होते आणि टेबलाकडं निघते. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. बघता बघता टेबलापासून दारापर्यंत रांग लागते. वही छातीशी धरलेली, बोट पानात अडकवलेलं. बाई वही घेतात, लाल पेननं बरोबरची खूण करतात, वही परत. रांग एक पाऊल पुढं सरकते. मागं कुणी कुणाची वेणी ओढतो. कुणी खिडकीच्या गजाला लटकतो. एक मुलगी उभ्या उभ्या पुढच्याच्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहिते आणि तो ते ओळखून सांगतो. वर पत्रा तडतडायला लागलाय.

खोलीत बाविसेक मुलं आहेत. एका वहीला एक मिनिट धरलं तरी शेवटच्याला वीस मिनिटं उभं राहावं लागतं. वर्ग पहिली ते पाचवीसाठी कायद्यानं वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापनाचे सांगितलेत. रोजची वीस मिनिटं दोनशे दिवसांत चार हजार मिनिटं होतात. म्हणजे सहासष्ट तासांहून जास्त. शाळेच्या वर्षाचा बारावा हिस्सा एखादं मूल वही छातीशी धरून, आपलं बरोबर आहे की नाही हे दुसऱ्यानं सांगण्याची वाट पाहत उभं राहतं. मला या रांगेची काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळामुळं नाही. रांगेत उभं राहताना मूल एक गोष्ट पक्की शिकतं: आपलं काम खरं की खोटं, हे आपल्याला कळत नसतं.

ही रांग मोडायची म्हणून बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर एक पट्टी लावलीय. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर स्केचपेननं लिहिलंय: आधी मी, मग जोडीदार, मग बाई. पट्टीचा एक कोपरा सुटलाय. रोज पाळली जाते असं नाही. आज तर रांग लागलीच. पण आता बाई पेन खाली ठेवतात. कोकरांवाला मुलगा समोर आलाय. वहीत 403 वजा 178. त्यानं उत्तर लिहिलंय 375.

बाई चुकीची फुली मारत नाहीत. वही परत त्याच्या हातात देतात. "पडताळून बघ की."

"कसं?"

"तूच सांग. चारशे तीन मेंढरं होती. एकशे अठ्ठ्याहत्तर ओढ्यापल्याड गेली. अल्याड राहिली ती तू मोजलीस, तीनशे पंच्याहत्तर. आता ओढ्यापल्याडची माघारी आली तर?"

मुलगा थांबतो. बाईही थांबतात. मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तर ओरडायला तोंड उघडतं, बाई त्याच्याकडं नुसतं बघतात. खोलीत शांतता. बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. एक, दोन, तीन, चार. अमेरिकेतल्या वर्गांतल्या ध्वनिफिती 1970 च्या दशकात कुणीतरी चिकाटीनं ऐकल्या, तेव्हा आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद कागदावर थोडे वाटतात. पत्र्याखाली, रांग लागलेली असताना, दारात पहिलीतलं एक मूल रडत येऊन उभं असताना ते फार मोठे असतात.

मुलगा वहीच्या कोपऱ्यात बेरीज मांडतो. 375 आणि 178. ओठ हलतात. पाचशे त्रेपन्न. तो पानाकडं बघतो, मग फळ्याकडं. "इतकी नव्हतीच मुळात." मग स्वतःशीच, "तिनातनं आठ जात न्हाईत." तीनातून आठ जात नाहीत म्हणून त्यानं आठातून तीन काढले होते, सातातून शून्य काढलं होतं. लहान अंक मोठ्यातून काढायचा, तो वर असो की खाली. ही चूक जगभरची मुलं करतात. तो जागेवर जाऊन बसतो. दशक मोडतो, शतक मोडतो. 225. पुन्हा बेरीज करतो. 403. टेबलाकडं परत येत नाही. जोडीदाराच्या वहीत डोकावतो आणि म्हणतो, "तुजं चुकलंय. मेंढरं वाढल्याती."

रांगेतले तिघं-चौघं आपापल्या वह्या घेऊन खाली बसतात. बाकीचे उभेच आहेत. दोन मुलींना लाल पेनची खूण हवीच आहे. त्याशिवाय घरी वही दाखवता येत नाही. बाई त्यांना खूण करून देतात.

मी शेजारच्या खोलीत जातो. पहिली-दुसरीचा वर्ग सरांचा. इथं फरशीवर तैलरंगानं आखलेली चौकटं, अक्षरांची कमळं, अंकांची सापशिडी. 2015 नंतर राज्यातल्या हजारो शाळांच्या फरश्या अशा रंगल्या. मुलानं ज्ञान स्वतः रचावं, शिक्षकानं सोबत करावी, असं त्यामागचं म्हणणं होतं. म्हणणं मोलाचं होतं. रंग आता चपलांच्या वाटेवर पुसट झालाय. काही शाळांत त्या म्हणण्यातून फक्त रंग उरला, हे दुःखानं लिहावं लागतं: मुलं फरशीवर बसली, पण काय करायचं, किती करायचं आणि झालं की नाही, हे सगळं पूर्वीसारखंच फळ्याजवळून ठरत राहिलं.

सरांच्या वर्गात चार कोपरे आहेत. एकात काड्यांचे गठ्ठे, दहा-दहाचे, रबर लावलेले. दुसऱ्यात अक्षरकार्डं. तिसऱ्यात चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं. चौथ्यात गोष्टीची पुस्तकं, दोरीवर वाळत घातल्यासारखी उघडी टांगलेली. सर सांगतात, "आज कुठून सुरू करायचं ते तुमचं तुम्ही. पण सुट्टी होईपर्यंत अक्षरांच्या कोपऱ्यात एकदा जायचंच." मुलं पांगतात. बहुतेक झाकणांकडं. एक मुलगी मध्येच उभी राहते. चौफेर बघते. काड्यांकडं जाते, परत येते. सर तिच्याकडं बघत नाहीत असं दाखवतात आणि बघत राहतात. मिनिट जातं. ती पुस्तकांखाली जाऊन बसते आणि वाघाच्या चित्राशी बोलायला लागते.

सर खिडकीजवळ येतात, आवाज खाली आणतात. "ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढं एक पुस्तक ठेवलं काय न् दहा ठेवली काय, सारखंच. निवड करायची तर आधी हातात काहीतरी पाहिजे. म्हणून अक्षरांच्या कोपऱ्याची सक्ती." मला त्यांचं पटतं. मुलाला मोकळं सोडणं आणि मुलाला स्वतंत्र करणं यांत फार अंतर आहे. ज्याच्या घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका एवढंच, त्या मुलाला वाचता येणं हीच पहिली मोकळीक. सर त्यासाठी रोज खपतात. आणि तरीही ते सुरुवातीचा कोपरा मुलावर सोडतात. तेवढी वीस मिनिटं तो वर्ग मुलांचा असतो.

भिंतीलगत लोखंडी कपाट. आत टाचणवह्या, पोषण आहाराच्या नोंदी, जुने परिपत्रकांचे गठ्ठे. त्यातच 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची प्रत, पाठीचा कागद वाळवीनं खाल्लेला. शिक्षणाच्या उद्दिष्टांत विचार आणि कृतीचं स्वातंत्र्य त्यात स्पष्ट शब्दांत आहे. दुसऱ्यांच्या सुखदुःखाची जाणीवही लगेच त्याच्या जोडीला आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घालतं. कलम 29 म्हणतं की मुलाला भीतीतून मुक्त करावं आणि आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करावी. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1992 मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. स्वतःशी संबंधित बाबींत मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जावं, हे त्यातलं बारावं कलम. कागदावर काहीच कमी नाही. कपाटाला कडी लागत नाही, सर दार वहीनं अडवून बंद करतात.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजतो. मग बाईंचा. गटावर निरोप आलाय. कसलीतरी माहिती तात्काळ, दिलेल्या नमुन्यात, आजच हवीय. बाई पडवीत येतात. "सर, हे मुलं-मुली वेगळं भरायचं का एकत्र?" "केंद्रप्रमुखांना विचारतो." फोन लागत नाही. रेंज ओढ्याच्या त्या अंगाला. दोघंही फोन हातात धरून उत्तराची वाट बघत उभे राहतात. आतल्या खोलीत मुलगी समास आखू का म्हणून विचारत होती, ती आठवते. शिक्षकाला फळ्यावर काय लिहायचं, कोणत्या दिवशी कोणता उपक्रम घ्यायचा, फोटो कुठल्या बाजूनं काढायचा हे वरून येतं. असा शिक्षक मुलाला म्हणतो, तुझं तू ठरव. त्याला ते म्हणायला किती बळ लागत असेल! मुलाच्या स्वातंत्र्याची गोष्ट शिक्षकाला वगळून पुढं जात नाही, हे मला अशा पडव्यांतच कळत गेलं.

साडेनऊ. खिचडीचा वास. स्वयंपाकाच्या खोलीबाहेर पुन्हा रांग, या वेळी ताटल्या वाजवत. एका मुलामागं प्राथमिकला 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक, 12 ग्रॅम प्रथिनं असं माप ठरलेलं आहे. मावशी पातेल्यामागं उकिडव्या बसल्यात, पदर खोचलेला, कपाळावर घाम. पण त्यांचं वाढणं वेगळं. प्रत्येक मुलापाशी पळी थांबते.

"किती?"

"थोडी."

"थोडी म्हंजी?"

मूल हातानं दाखवतं. पळी तेवढीच कलते. "लागली तर परत ये, पर टाकायची न्हाई." पहिलीतला एक जण ताटली पुढं करून गप्प उभा. मावशी पळी धरून ठेवतात. मागून ढकलाढकली. "हं, बोल की बाळा." तो शेवटी म्हणतो, "मटकी नको. भात." मावशी मटकी बाजूला सारून भात वाढतात, मग चार दाणे कडेला ठेवतात. "खाऊन तरी बग." तो कडेनं खातो. दाणे शेवटपर्यंत तसेच. मग एक उचलतो, चावतो, चेहरा वाकडा करतो. दुसरा उचलतो. मावशींनी कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही. पोट मुलाचं आहे, तर किती भरलं हे त्यालाच कळणार, एवढं त्यांना पुरतं. ताटल्या धुवायच्या जागी ओतून दिलेलं अन्न जवळजवळ नाही.

जेवणानंतर लिंबाखाली बालसभा. आठवड्यातून एकदा असते. सावली कमी आहे, म्हणून सगळे दाटीनं बसतात. सभेची अध्यक्ष किल्लीवाली मुलगी. वहीत विषय लिहिलाय: टाकीतलं पाणी. टँकर चार दिवसांआड येतो. टाकी अर्धी आहे. पावसाळ्यात लावलेली आठ झाडं माना टाकायला लागलीत. पाणी झाडांना घालायचं की हात धुवायला ठेवायचं?

आवाज उठतात. "झाडं मरतील." "हात न धुता जेवायचं का मग?" "घरनं एकेक बाटली आणू." "आमच्या घरी प्यायलाच न्हाई." हे बोलणारी मुलगी खाली बघते. कुणी हसत नाही. मग तिसरीतला एक जण म्हणतो, हात झाडाच्या आळ्यातच धुवायचे. सगळे एकदम बोलायला लागतात. कुठल्या झाडाखाली कुणी? रोज पाळी. तांब्या कुणाकडं? पहिलीच्या मुलांना आधी. कोकरांवाला उभा राहतो. "साबणाच्या पाण्यानं झाड जळलं तर?"

बाई बाजूला दगडावर बसल्यात. त्यांच्या तोंडावर उत्तर आलेलं मला दिसतं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जातं. सुटतं. पुन्हा गुंडाळलं जातं. त्या बोलत नाहीत. सभा अडकलीय. एक मुलगा मातीत रेघा ओढतोय. उन्हाचा तुकडा सरकून दोन मुलांच्या पायांवर आलाय, ती पाय ओढून घेतात. कुणीतरी घरी जायची वेळ विचारतं. असं बरंच जातं. आणि मग वेणीवाली एक मुलगी, जी आत्तापर्यंत एक अक्षर बोललेली नाही, म्हणते, "एकाच झाडाला घालून बघू. पंधरा दिवस. जगलं तर सगळ्यांना."

कोणतं झाड? यावर पुन्हा वाद. फाटकाजवळचं करंजाचं ठरतं. हात वर करून मत होतं. एक हात वर जात नाही. "मला पटत न्हाई. करंज म्या लावलंय." अध्यक्ष बाईंकडं बघते. बाई म्हणतात, "तो काय म्हणतो तेही वहीत लिही." अध्यक्ष जीभ बाहेर काढून लिहिते. मग कोकरांवाला सुचवतो, ज्यानं लावलंय त्यानंच रोज बघून सांगायचं, पान पिवळं पडलं की बंद. करंजवाला विचार करतो. "मग चाललं."

इथं बसल्यावर मला जाणवतं की सकाळपासून या आवारात सगळेच कुणाची ना कुणाची वाट बघतायत. टेबलापाशी मुलं बाईंची वाट बघत होती. आत्ता बाई मुलांची वाट बघत होत्या. प्राथमिक शाळेनं मुलाला स्वतःच्या विचारानं चालायला शिकवावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुठं घडतंय हे ओळखायची माझी खूण एवढीच आहे: वाट कोण बघतंय. मोठ्यांनी मुलांची वाट बघणं सोपं नाही. अभ्यासक्रम मागं लागलेला, चाचणी जवळ आलेली, माहिती आजच हवी असलेली. त्यात एका मुलाच्या पुढच्या वाक्यासाठी थांबायचं. आणि थांबल्यावर जे येईल ते आपल्या मनातलं नसलं तरी वहीत उतरवून घ्यायचं.

सव्वाअकरा. शाळा सुटते. अंगणात पाय ठेववत नाही. मुलं सावली धरून भिंतीकडेनं पळतात. फाटकापाशी दोन-तीन आया उभ्या आहेत. एकीच्या डोक्यावर जळण. ती किल्लीवाल्या मुलीची आई.

"बाई, हिच्या दाखल्याचं काय करायचं म्हनत हुता?"

ही शाळा चौथीपर्यंतच. पाचवी पुढच्या गावात, ओढा आणि माळ ओलांडून तीन-साडेतीन किलोमीटर. दर वर्षी या दिवसांत फाटकापाशी हेच बोलणं होतं. मुलग्यांसाठी फार वेळ लागत नाही. मुलींसाठी लागतो. बाई काही म्हणायच्या आधी आईच बोलते, "हिचा बा म्हनतोय, लांब हाय. एकलीनं कसं जायाचं. मावशीकडं ऱ्हाऊन शिकू दे, न्हाईतर बघू पुढल्या वर्षी. तुमीच सांगा बाई काय ते. तुमी म्हनाल तसं."

"मी कशाला सांगू, ताई? तिलाच विचारा."

आई जळणाची मोळी भिंतीला टेकवते. मान वळवून मुलीकडं बघते; हिला यातलं काय विचारायचं, असं चेहऱ्यावर. मुलगी किल्लीची दोरी बोटाला गुंडाळते. बाई गप्प. मी गप्प. वेळ जातो. आई म्हणते, "बोल की. उन्हात उभी केलीयास."

"मावशीकडं न्हाई ऱ्हायाचं मला," ती म्हणते. मग एक-एक बाहेर येतं. वस्तीवरच्या अजून दोघी पाचवीत जाणार आहेत, तिनं दोघींना विचारलंय. फाट्यावर साडेनऊची एसटी येते. पाचवीपासून मुलींना पास फुकट असतो, तिनं बाईंच्या फळ्याशेजारचा कागद वाचलाय. फाट्यापर्यंत तिघींनी चालायचं. गाडी चुकली तर माळाच्या वाटेनं, तीन-साडेतीन किलोमीटर, तिघी एकत्र. शनिवारी सकाळची शाळा असेल तेव्हा गाडी नाही. तेवढ्या दिवशी करंजवाल्याचा थोरला भाऊ सायकलवरून जातो, त्याच्याबरोबर निघायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर घरी राहायचं.

"आन् शेळ्या? सकाळच्याला शेळ्या कोन सोडनार?"

मुलीनं याचा विचार केलेला नाही. ती गप्प होते. किल्लीची दोरी सुटते. "सहाला सोडीन," ती म्हणते. मग थांबून, "सातला बांधायला आज्जी पायजे."

"आज्जीला इचारलंस?"

"न्हाई."

"मग आदी तिला इचार," आई म्हणते आणि मोळी डोक्यावर घेते. "बाला मी इचारते. बाई, दाखला लगीच लागतोय का?"

"मे महिन्यापर्यंत कधीही न्या," बाई म्हणतात.